‘येतंय’ म्हणजे गेलो

पुणे, २२ नोव्हेंबर २००७

तीर्थस्वरूप दाजीमामांच्या चरणी सर्वेशचा साष्टांग नमस्कार.

आपला गुडघा आता बरा असावा आणि सत्यवतीमामींचा माझ्यावरचा राग थोडा तरी निवळला असावा, अशी आशा करतो. आपण माझा फोन उचलत नाही, हे योग्यच आहे. परंतु त्या दिवशी आपण समुद्रात होतात आणि किनाऱ्यावर काय घडले ते आपल्याला बाबू लिलाववाल्याकडून कळले. (त्याच्या कथनात मी रडतो. मी चष्मा पुसत होतो.) माझी यंत्रणा ठेवायची की काढायची, हे रविवारी मच्छीमार सोसायटीची सभा ठरवणार आहे आणि तेव्हा सगळे आपल्याच तोंडाकडे पाहतील. म्हणून सर्व क्रमाने निवेदन करतो.

मूळ योजना सोपी होती. प्रत्येक होडीने निघताना एक आणि परतल्यावर एक निरोप मोबाइलवरून पाठवायचा, म्हणजे कोण समुद्रात आहे हे सोसायटीच्या पडद्यावर दिसेल. यासाठी मी जावाचा अॅप्लिकेशन सर्व्हर बसवला. (मामी त्याला पेटी म्हणतात. मी आक्षेप घेणे सोडले आहे.) आता गंमत पाहा, आलेला निरोप सर्व्हर थेट हातात घेत नाही. लिलावाला टोपल्या लागतात तसा तो आधी रांगेत लागतो आणि रांगेपाशी एक श्रोता, म्हणजे निरोप वाचणारा प्रोग्राम, बसवलेला असतो. श्रोत्याने कोणत्या रांगेकडे कान द्यावा, एका वेळी किती निरोप उचलावेत, न कळलेला निरोप परत ठेवून किती वेळा पुन्हा वाचावा आणि तरीही न कळल्यास कुठे टाकावा, हे सारे एका फाइलीत आधीच लिहावे लागते. (यातली सुबकता एकदा ओट्यावर निवांत बसून दाखवीन.) किती वेळा, या प्रश्नापुढे मी तीन लिहिले. तिसऱ्यांदाही न कळलेला निरोप ज्या रांगेत जातो, तिला आमच्या शास्त्रात मृत रांग म्हणतात. हे नाव मी ठेवलेले नाही, एवढे कृपया मामींना सांगावे.

श्रोत्याला मी दोन शब्द शिकवले. ‘जातंय’ आले तर होडी समुद्रात, ‘येतंय’ आले तर होडी बंदरात. हे शब्द रोमन अक्षरांत कोण कसे लिहील, याच्या सतरा तऱ्हा मी फाइलीत भरल्या. सतरा तऱ्हा सुचल्या. पण दर्यावर निघताना आपल्याकडे कोणी ‘जातंय’ म्हणतच नाही, हे सुचले नाही. मी स्वतः पुण्याच्या एसटीत चढताना आपल्याला ‘येतो’ म्हणतो.

त्या मंगळवारी चौदा होड्यांनी ‘येतंय’ असे कळवून बंदर सोडले आणि पडद्यावर चौदाही होड्या सुखरूप बंदरात दिसू लागल्या. मी ते चेअरमन भाईंना अभिमानाने दाखवले. दुपारी वारा उठला. होड्या परतू लागल्या, पण पडद्यावर काही हलले नाही, कारण पडद्याच्या मते त्या कधीच आलेल्या होत्या. इतक्यात मामी आल्या आणि आपली होडी दिसत नाही म्हणाल्या. मी त्यांना खुर्ची दिली आणि यंत्र का चुकू शकत नाही, हे सोदाहरण समजावले. (वीस मिनिटे. ती वीस मिनिटे मला अजून टोचतात.) त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “तुझो मामा घराक येवूक नाय आणि तुझी पेटी म्हणता इलो. मगे तो खंय आसा, पेटयेत?”

तेव्हा मी त्या दिवशी प्रथमच खिडकीबाहेर पाहिले. तेरा होड्या मोजल्या. दोनदा.

मग मी मृत रांग उघडली. तीत आपला निरोप पडून होता: ‘इंजिन बंद पडला. किल्ल्याच्या दक्षिणेक आसंय.’ श्रोत्याने तो तीनदा वाचला होता आणि तीनदा त्याला कळला नव्हता. निरोप मिळाल्याच्या आनंदात मी मोठ्याने म्हणालो, “मामी, मामा मृत रांगेत सापडले.” मामींनी त्यातले फक्त ‘मृत’ ऐकले. ट्रॉलरवाल्या इनासने मात्र मला बाजूला सारून निरोप वाचला आणि ट्रॉलर काढायला धावला. पायरीवरून तो मला म्हणाला, “दर्यार जाताना जातंय कोण म्हणता रे भाच्या? मगे परत कोण येतलो?” आणि मामींकडे वळून म्हणाला, “वयनी, येतंय.” पुढचे आपण जाणताच, तासाभरात त्याने आपल्याला ओढून आणले.

आता श्रोत्याला नव्याने शिकवले आहे. ‘येतंय’ म्हणजे गेले, ‘इलंय’ म्हणजे आले, आणि तिसरे काहीही आले, तर स्वतःची अक्कल न चालवता त्याने भाईंचा फोन वाजवायचा. मृत रांगेचे नाव बदलून ‘बघा रे’ ठेवले आहे. सभेत माझी बाजू घ्या, असे म्हणण्याचा मला अधिकार नाही. पेटी आता आपली बोली शिकली आहे, एवढेच सांगावे.

आपला भाचा,
सर्वेश

ता. क. खरी विनंती राहिलीच. दुरुस्तीनंतर मी त्या दिवशीचे निरोप पुन्हा रांगेत लावले. तेरा जणांनी परतल्याचे कळवले, आपण कळवले नाही. (“सगळ्या गावान माका बघल्यान,” असे आपण म्हणालात, हे इनासकडून समजले.) त्यामुळे पडद्यावर आपण तेवीस दिवस समुद्रातच आहात आणि न परतलेल्या होडीची आठवण म्हणून भाईंचा फोन दर तासाला वाजतो. चेअरमनची झोप व्हावी म्हणून तरी सभेपूर्वी एकदा ‘इलंय’ पाठवावे.

ता. क. दुसरा. पुण्याला निघताना मी मामींना पाठवलेले ‘येतंय’ चुकून सोसायटीच्या क्रमांकावर गेले. परिणामी समुद्रात असलेल्यांच्या यादीत आपल्याखाली माझे नाव आहे. ते इथून पुसता येईल. परंतु बाबू सांगतो की मामी मासळी विकून झाली की रोज त्या पडद्यापाशी जातात, आणि भाई माझे नाव पुसायला निघाले तेव्हा मामींनी त्यांचा हात धरला. म्हणाल्या, “ऱ्हांवदे. तो अजून येवूक नाय.”