वडाभातावर आलेलं बालंट

१४ जाने. २०२४, रवि.
इथल्या मराठी मंडळाची बस पानिपतला. काला अंबच्या युद्धस्मारकाला फुलं, मग भाषण. अध्यक्ष कुलकर्णीकाका बोलायला लागले की संपता संपत नाहीत. धुकं, थंडी, बसच्या काचा बंद आणि सगळी बस खोकतेय. माझा वडाभात उरेल वाटलं होतं, तळ खरवडला लोकांनी. काकांनी तीनदा घेतला. म्हणे, "संघमित्रा, नागपूरचा हात आहे हो तुझा." पाठ मोडली. झोपते.

१७ जाने.
सकाळपासून ग्रुपवर पोट. जुलाब, मळमळ, कळा. निम्मी बस संडासात. वैद्यबाईंचा (नुसत्या आडनावाच्या वैद्य) प्रश्न: "रविवारच्या भातात तेल कुठलं होतं?" बस्स. गूळपोळ्यांबद्दल कुणी विचारलं नाही. ढाब्यावरच्या पराठ्यांबद्दल नाही. भात म्हणे तीन दिवस पोटात दबा धरून बसला होता! आणि ही शिकलेली माणसं, एकेकाच्या दारावर डिग्र्यांची पाटी.
वैद्यबाईंचा तर रविवारी उपवास होता. भाताला शिवल्याही नाहीत आणि जुलाब त्यांनाही. हे लिहिलं ग्रुपवर. सगळ्यांनी वाचलं, आणि पुन्हा तेलाचंच सुरू.
अनिल म्हणतो, सोड यार. बायकोवर आलं की नवऱ्यांना सोडणं सोपं. आमचं आडनाव कळल्यापासून काही जणी माझ्या डब्याकडे कशा बघतात, मला दिसत नाही का? निमित्त हवं होतं, मिळालं.

१८ जाने.
माझंही बिघडलं. ताप नाही, घसा जरासा. ऑफिसला दांडी. शेजारच्या टेबलवरच्या मीनाचंही गेल्या आठवड्यात नुसतं पोटच होतं आणि निघाला कोरोना. म्हणून किट आणलं. केमिस्ट हसला, "मॅडम, अब कौन कराता है?"
दोन रेषा. अनिलच्याही.
ग्रुपवर फोटो टाकला. डॉक्टरांना विचारलंय, हा पोटावरही येतो, सगळ्यांनी टेस्ट करा. वैद्यबाई: "म्हणजे तुम्ही आणलात?" वा! काल भात, आज मी. यांच्या अकलेचं काय करायचं.

२० जाने.
कुलकर्णीकाकांचे जुलाब थांबत नाहीत, पंचाहत्तरी उलटलेला माणूस. काकूंना फोन केला. "टेस्ट कशाला गं, त्या भाताचंच आहे ते. ताकभात देतेय." मलाच तोंडावर! बोलता बोलता म्हणाल्या, सकाळी उठताना भोवळ येऊन पडले.
फोन ठेवला. मनात आलं, भोगा. खरंच आलं. दुपारभर कपड्यांच्या घड्या घातल्या. मग राहवेना, त्यांच्या मुलाला गुडगावला फोन लावला आणि चांगला झापला. संध्याकाळी ॲडमिट. पॉझिटिव्ह. अंगातलं पाणी पार गेलेलं, सलाईन लावलंय.

२४ जाने.
काका घरी आले. डॉक्टर मुलाला म्हणाले, अजून एक दिवस काढला असता तर किडनीवर गेलं असतं. ग्रुपवर जोडलेल्या हातांचा पूर. ज्यांनी ज्यांनी टेस्ट केली, बहुतेक सगळे पॉझिटिव्ह. वैद्यबाईसुद्धा. भाताबद्दल एक अक्षर नाही.
काकू रडल्या, "तुझ्यामुळे वाचले गं." हे फोनवर. ग्रुपवर नाही.

२ फेब्रु.
शिवजयंतीच्या जेवणाची वाटणी आली. वैद्यबाई: पोळ्या. काकू: मसालेभात. संघमित्रा: कागदी प्लेटा आणि पाण्याच्या सीलबंद बाटल्या.
वाटणी काकूंनी केलीय. खाली सगळ्यांचे अंगठे.
अनिल म्हणतो, बरंच झालं, तुझं काम वाचलं. वाचलं म्हणे! मी अजून उत्तर दिलेलं नाही. मोठं पातेलं माळ्यावर टाकायला निघाला होता. म्हटलं, खालीच राहू दे.