तोंडातला भाडेकरू

४ तारीख, सोमवार

आले बाई एकदाची. माझ्या घराचं छप्पर गेलं, भिंती तेवढ्या राहिल्या. नातीने निरोप धाडला की भिंतींवर झोपता येत नाही, मुकाट्याने इकडे निघून ये. इकडे म्हणजे तिच्या दवाखान्यात. लढाई सरकत सरकत जवळ आली तसा यांनी फर्निचरच्या गोदामातच दवाखाना मांडलाय. जखमी माणसं नव्याकोऱ्या पलंगांवर पडलेली, गाद्यांवरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नाही. रक्त पुसायला सोपं जातं म्हणे. मला कोपऱ्यातला कोरीव नक्षीचा डबलबेड मिळालाय. लग्नात मिळाला नाही तो आता मिळाला. दुसरी बाजू कोणाला द्यायची एवढाच प्रश्न.

नात इथली डॉक्टरीण. मी तिला ढमी म्हणते, ती मला म्हातारे म्हणते, आणि दोघींनाही त्यात काही वावगं वाटत नाही.

मला अक्षर येत नाही. हे लिहितायत ते शेजारच्या पलंगावरचे मास्तर. त्यांचा घसा भाजून सुजला आणि बंद झाला, म्हणून ढमीने गळ्याला समोरून भोक पाडून नळी घातलीय. श्वास तिथूनच आत, तिथूनच बाहेर. बोलता येत नाही म्हणून हवं-नको लिहायला त्यांना ही वही दिली होती, ती मी बळकावली. त्यांना बोलता येत नाही, मला लिहिता येत नाही. दोघांचं मिळून एक धड माणूस झालं. मास्तर, हसू नका, नळी हलते.

५ तारीख, मंगळवार

आज मला काम मिळालं. बेशुद्ध माणसाच्या उशाशी बसायचं आणि दोन्ही हातांनी त्याचा जबडा पुढे उचलून धरायचा. जीभ मागे पडली की श्वास अडतो, एवढीच गोष्ट. ढमी म्हणाली, जन्मभर दुसऱ्यांची तोंडं बंद केलीस, आता उघडी धर.

दुपारी एक ट्रकवाला आणला. चेहऱ्याचा खालचा अर्धा भाग फुटलेला. इथल्या ब्रदरने त्याला उताणं झोपवायला घेतलं तर त्याने ब्रदरलाच लाथ घातली. ढमी ओरडतच आली की बसू दे त्याला, वाकू दे, रक्त बाहेर पडू दे. उताणा केलास तर स्वतःच्याच रक्तात बुडेल. बसला बापडा ओणवा. पण सूज चढत गेली, ओठ निळे पडले. तेव्हा ढमीने त्याच्या गळ्यावरचा खळगा बोटाने चाचपला आणि चिरलं. नळी आत गेली आणि शीळ घातल्यासारखा श्वास आला. 

हा बोलेल कधी, असं मी विचारलं. ती म्हणाली, सूज उतरेपर्यंत वारा वर पोचतच नाही, तर बोलणार कशाने? तोंड सध्या नुसती रिकामी जागा आहे.

६ तारीख, बुधवार

दुपारी जनरेटरला विश्रांती देतात. तेवढाच वेळ गोदाम गप्प असतं. आज त्या शांततेत ट्रकवाल्याच्या तोंडातून आवाज आला. स्वच्छ, गुळगुळीत, विमा विकायला आलेल्या माणसासारखा गोड. म्हणाला, नळीच्या भोकावर जरा अंगठा ठेवता का, दोन शब्द बोलायचेत.

त्याच्या तोंडात बँडेजचे बोळे कोंबलेले आहेत. जबडा तर जागेवरच नाही. हलणार काय?

मला वाटलं, डुलकी लागली असेल. मास्तरांकडे पाहिलं, तर त्यांनी ते वाक्य माझ्याआधीच वहीत उतरवलं होतं.

ढमीला सांगितलं. तिने नळीच्या कडेने वारा फुटत असेल म्हणून सांगितलं, आणि माझ्या कानांबद्दलही दोन शब्द काढले. मग मी ट्रकवाल्यालाच विचारलं, तुम्ही बोललात का. मान हलवायची त्याला बंदी, म्हणून त्याने हात हलवला. नाही. आणि माझं मनगट असं धरलं की सोडेचना.

७ तारीख, गुरुवार

ट्रकवाला गेला.

ब्रदर एकटाच होता त्याच्याजवळ. आवाजाने त्यालाही तशीच गोड विनवणी केली. मोठ्या दवाखान्यात ब्रदरने पाहिलेलं होतं की बऱ्या होत आलेल्या रोग्याच्या नळीवर बोट ठेवलं की वारा वर चढतो आणि माणूस बोलतो. मोठ्या कौतुकाने ठेवला त्याने अंगठा. पण त्या रोग्यांचा वरचा रस्ता मोकळा असतो, याचा सुजून बंद. छाती आवळली, पाय झाडले गेले. आणि तोंड हसलं. मोठ्याने, पोटभर हवा मिळाल्यासारखं. मी धावले, गुडघे धावू देतात तितकी. ब्रदरचा हात ओढून काढला. ढमीने नळीला हवेचा फुगा लावून दाबदाबून हवा भरली. नाहीच.

ब्रदर रडतोय आणि एवढंच म्हणतोय की तो बोलत होता हो.

हसणं ढमीनेही ऐकलं. आता माझ्या कानांबद्दल कोणी काही बोलत नाही.

८ तारीख, शुक्रवार

आज मास्तरांच्या तोंडातून. ते लिहीत होते आणि त्यांचंच तोंड मला नळी बंद करायला सांगत होतं. पेन हातातून पडलं. मी म्हटलं, मास्तर, ओठ हलवा. आवाज नसला तर नसू दे. पाढे म्हणा! त्यांनी सुरू केले. तीनच्या पाढ्यात ते गप्प झालं.

म्हणजे असं आहे तर. जागा वापरात दिसली की त्याला शिरता येत नाही.

मग मी त्याला चांगलं सुनावलं. भाडं नाही दिलंस, वर मालकाचाच गळा आवळतोस? माझ्या तोंडात येऊन दाखव. सत्तर वर्षांत कोणाला ते रिकामं सापडलेलं नाही.

पलीकडच्या पलंगावरच्या तोंडातून तेच हसू आलं. नळीवाले अजून दोघे आहेत. त्यांनाही कामाला लावलंय. पाढे येत नसतील तर शिव्या द्या म्हटलं, पण ओठ थांबवू नका.

९ तारीख, शनिवार

गोळा पडला. अगदी दारात. ढमी —

जबडा मोडला. रक्त घशात. ब्रदरला चिरायची जागा सापडेना. तिने स्वतःच्या गळ्यावरचा खळगा चाचपला, त्याचं बोट ओढून तिथे टेकवलं. बोलता येईना, खुणेनेच सांगितलं. इथे. चीर.

चिरलं त्याने. श्वास आला.

माझ्या पोरीने स्वतःचा गळा स्वतः दाखवून दिला. तिची आजी आहे मी. रडणार नाही.

तोंडात बोळे भरलेत, गुंगीचं औषध दिलंय. तिला मोठ्या दवाखान्यात न्यायचं म्हणून ब्रदर गाडी आणायला गेला.

गुंगीतल्या माणसाचे ओठ कोण हलवणार?

शनिवार, दुपार

जनरेटर बंद.

आजी, म्हणालं. तिच्या आवाजात. मी म्हटलं, चुकलास मेल्या, ती मला आजी म्हणत नाही.

शब्द बदलून पाहिला. मग — म्हातारे.

आता ब्रदरला हाका मारतंय. डॉक्टरिणीच्या आवाजात — सूज उतरली, अंगठा ठेव, माझा हुकूम आहे. तिचा शब्द तो खाली पडू देत नाही — गाडी थांबली — पावलं —

बोट घातलं मी तिच्या तोंडात. बोळे सारून, आत. भरली जागा. गप्प झालं.

जबडा — मोडलेला जबडा मिटतोय. दात —

चाव. चाव किती चावतोस ते. मास्तर, तुमचे ओठ — थांबवू नका, लिहा —

ब्रदर आलाय. अंगठा पुढे. सांगतेय त्याला, तो हुकूम तिचा नव्हता — माझ्या दुसऱ्या हाताचा वेढा आहे नळीभोवती, आधी तो मोड —

बोटाचं हाड वाजलं. वाजू दे.

छाती वर येतेय तिची. खाली. वर. हे बोट गेलं तर पुढचं घालीन, ते गेलं तर त्याच्या पुढचं — मी काही इथून उठ—