ढवळ्याच्या खुरांचं पाणी

२ ऑक्टोबर
चाचांनी आज माझी वही बाभळीत फेकली. बैलांच्या खुरांची मापं लिहून ठेवत होतो. "वहीत खूर ऱ्हातो व्हय बे? हातात ठिव." काट्यांतून काढून आणली, तिच्यातच हे लिहितोय. सवय जात नाही. सहकारी साखर कारखान्यात सतरा वर्षं ऊसतोडीच्या स्लिपा लिहिल्या. पदाचं नाव स्लिप बॉय, वय एक्केचाळीस. पाऊस नाही, ऊस नाही, कारखाना बंद. आता केजच्या बैलबाजारात लिंबाखाली, म्हाताऱ्या नालबंदाच्या, म्हणजे चाचांच्या, हाताखाली. चाचा मला ‘साहेब’ म्हणतात. मुद्दाम.

७ ऑक्टोबर
पत्री म्हणजे खुराखाली ठोकायचा लोखंडी तुकडा. एका बैलाला आठ. खिळा तिरका जाऊन खुराच्या बाजूनं बाहेर डोकावला पाहिजे. सरळ गेला की जिवंत मांसात. चाचा ठोकताना बैलाच्या कानाकडं बघतात, दुखलं की आधी कान हलतो. मी खिळ्याकडं बघतो आणि अंगठा ठेचून घेतो. हातोडा जड आहे म्हणालो. "नाचता यीना..." एवढंच म्हणाले.
पण आज जागेचं बोलले. पोरगा पुण्यात, तो पत्रीला हात लावत नाही. "गुढीपाडव्यापातुर हात बसला तर ही जागा तुझी, साहेब."
घरी बायकोला, सुमनला, सांगितलं. ती म्हणाली, "आन तवर काय खायाचं?"

११ ऑक्टोबर
ठरलं. सुमन तिच्या भावाच्या, बापूच्या टोळीबरोबर कोल्हापूरकडं ऊसतोडीला जाणार, गुढीपाडव्याला परत. मजुरीच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता. ती एकटी, म्हणून अर्धा. मी लिंबाखाली बसून शिकणार आणि ती ऊस तोडणार. तोंड वर करून तिच्याकडं बघवत नाही. जागा मिळाली तर पुढच्या वर्षी तिला जावं लागणार नाही. त्यासाठीच हे सगळं, असं दहादा सांगितलं. तिनं एकदा मान हलवली.

१५ ऑक्टोबर
बापूचा बैल ढवळ्या पत्र्या मारायला आला. टोळीची उसाची गाडी त्याचीच जोडी ओढणार. चाचांना ताप, म्हणून पहिल्यांदा मी एकटा. दुष्काळात खुरं वाळून कडक होतात, म्हणून चाचांचा नियम: आदल्या दिवशी बैल ओल्या चिखलात उभा करायचा. टँकर आला नव्हता. घरात बादलीभर पाणी, ते मी खुरांसाठी ठेवलेलं.
काल दुपारी सु. म्हणाली, "डोकं धुवून जावं वाटतंय. पाच-सहा महिन्याचं जायाचं." सगळी बादली तिला दिली. शिकेकाई लावून न्हाली, केस वाळवत दारात बसली. मी बघत बसलो. लग्न होऊन एकोणीस वर्षं झाली, मूलबाळ नाही, घरात आम्ही दोघंच, तरी असं बघायला सवड झाली नव्हती.
ढवळ्याला कोरड्याच खुरांवर मारल्या. डाव्या मागच्या पायाला ठोकताना कान हलला होता. माशी असेल म्हटलं.

१६ ऑक्टोबर
गेली.

२४ ऑक्टोबर
आज दोन बैल नीट झाले. सांगायला घरात कोणी नाही. तिच्या फणीत दोन केस आहेत, काढत नाही. वेडेपणा आहे, पण माझ्या घरात मी करीन तो.

२९ ऑक्टोबर
बापूचा फोन. "दाजी, ढवळ्या लंगडायलाय. डावा मागचा." गाडी उभी. बायका मोळ्या डोक्यावरून रस्त्यापर्यंत आणतात, सु.पण. फोन तिच्याकडं दे म्हटलं तर ती फडात होती.

३० ऑक्टोबर
चाचांना सांगितलं. म्हणाले, "खुरं भिजवलीवती का?"
नाही.
"पाणी कुठं गेलतं?"
सगळं सांगितलं, कान हलल्याचंही. वाटलं हाकलतील. चाचा बराच वेळ पत्री घासत राहिले.
"पाण्याचं ऱ्हाऊ दे. कान हालला तवा हात कावून थांबला न्हाई?"
आमच्या धंद्यात रिवाज आहे म्हणाले, चुकलेला खिळा ज्यानं ठोकला त्यानंच काढायचा. खिळे उपटायची स्वतःची सांडशी हातात दिली. "जा. सांडशी परत आण, दत्ता." साहेब म्हणाले नाहीत.

१ नोव्हेंबर, फडावर
खिळा निघाला. मागोमाग पू. ढवळ्यानं लाथ मारली, बरोबर केलं. हळद-तेल भरून चिंधी बांधली.
सुमन काळी पडली आहे. हाताला चिरा. मला बघून आधी हसली, मग चिडली. "बैल लंगडला म्हून आलात. मी लंगडले असते तर?" खोपीमागं पाट आहे, काठोकाठ वाहतो. मी येडबडून बघतच राहिलो. तिचे केस ओले होते. "हितं रोज धुते," म्हणाली. अभिमानानं.

२ नोव्हेंबर, फडावर
ढवळ्यानं पाय टेकवला. चार दिवसांनी गाडी जुंपता येईल.
निघताना सु. म्हणाली, "बापू हितंच ऱ्हायचं म्हणतोय. मालक वस्तीवर खोली देतो. तुमीच या की. बैलं हितं बी हायत, आन पाणी हाय."
मी म्हणालो, लिंबाखालची जागा...
"जागा तुमाला पायजे. मला कुणी इचारलं का?"
बस आली.

५ नोव्हेंबर
सांडशी परत दिली. चाचांनी विचारलं, "बैल?" टेकवतोय म्हटलं. "आन घरची?" म्हटलं, पाडव्याला कळेल. "त्यो बी आपल्याच हातचा खिळा हाय," म्हणाले आणि बैलाकडं वळले.
तिला कधी विचारलंच नाही, हे खरं आहे. सतरा वर्षं लोकांच्या स्लिपांवर त्यांची नावं मीच लिहीत होतो, तसंच तिचंही मीच ठरवून टाकलं.

१२ नोव्हेंबर
दिवाळी. फोनवर विचारलं, तुला काय पाहिजे? मागं पाटाचा आवाज. मग म्हणाली, "पाडव्याला सांगते. घरी येऊन सांगते." येऊन, म्हणाली. तेवढंच धरून बसलोय.

१९ नोव्हेंबर
टँकर आला. एक बादली भरून झाकून कोपऱ्यात ठेवली. शेजारीण म्हणाली, पाडव्याला अजून पाच महिने हायत, पाणी नासंल. नासलं तर बदलीन.
उद्या बाजार. एक जोडी येणार आहे, खुरं भिजवायला पाणी लागेल. ते दुसरीकडून आणतो.