बुद्धभूषण सरांना परत बोलवा

बेंगलोर, मंगळवार

ति. अप्पा,
शरणु शरणार्थी. मी इथं बरी आहे, जेवण वेळेवर होतं. शेंगाचटणी पोचली. अव्वाचे गुडघे कसे आहेत?

फोनवर तुम्ही ‘हां हां’ म्हणून ठेवून देता, म्हणून लिहितेय. काव्याच्या बाळंतपणात रक्त लागलं तर द्यायला मंगळवेढ्याहून बुद्धभूषण सर येणार होते. ‘आमची थोरली लॅबमध्ये रक्त बनवते, तुम्ही कशाला त्रास घेता’ असं म्हणून तुम्ही त्यांना नको सांगितलंत. अप्पा, असं कसं केलंत?

रक्तातल्या मूळ पेशी वाढवून आम्ही तांबड्या पेशी करतो, हे खरं. पण एक बाटली रक्त घेतलं, की तीन आठवड्यांनी हाती येतं चमचाभर. तेही नुसतं तपासायला, माणसाला देत नाहीत. काव्याला लागलं तर बाटल्या लागतील, आणि तिला फक्त तिच्याच बॉम्बे रक्तगटाचं चालतं. तो गट सरांचा आहे, एरवी सोलापुरात सहजी मिळत नाही.

मी शनिवारी निघतेय. काव्याला म्हणावं, घाबरू नकोस, डॉक्टर चांगल्या आहेत. पण हे पत्र खाली ठेवायच्या आधी सरांना फोन लावा. माफी मागावी लागली तर मागा.

‘ताई आहे की,’ असं काव्या परवा म्हणाली. गट माझाही तोच, पण एक गोष्ट तिला सांगू नका. महिन्यापूर्वी मी माझी बाटली प्रयोगाला दिली. आणखी तीन महिने माझं रक्त कुणी घेणार नाही.

त्या चमच्यात आहे ते माझंच, अप्पा.

तुमची थोरली,
गिरिजा