मामाची गिटार, माझा ऑर्गन

मंगळवार, ४ मार्च

बोलला! ऑर्गन बोलला!

बंद पडलेल्या डान्स हॉलमधून आणला तेव्हा आई म्हणाली होती, "हे धूड ठेवायचं कुठे? माझ्या डोक्यावर?" झाकण उघडलं तर आत कोळ्यांनी अख्खं गाव वसवलेलं. मामा आणि मी रोज संध्याकाळी एकेका पट्टीखालच्या विजेच्या बारीक तारा स्पिरिटने पुसत बसायचो. आज प्लग लावला आणि — पातळ, टोकदार, जरा उद्धट आवाज! नाकात बोलणाऱ्या हुशार मुलीसारखा. नवे कीबोर्ड या आवाजाची नक्कल करतात. करोत बापडे.

मामा मिशीतल्या मिशीत हसला आणि गिटार काढली.

गुरुवार, ६ मार्च

मामाबद्दल लिहायलाच हवं. आईचा धाकटा भाऊ, लग्न केलं नाही, आमच्याकडेच राहतो. साठी उलटली. तरुणपणी डान्स बँडमध्ये वाजवायचा, मग जन्मभर घड्याळाच्या कारखान्यात. गिटार तेव्हापासूनची — पोकळ अंगाची, मधाच्या रंगाची, वॉर्निशला बारीक भेगा. गिटारचा आवाज मोठा करणारा ॲम्पही तेव्हाचाच. तापायला वेळ लागतो, तापला की ऊबदार वास येतो.

आम्ही तिघं न्यू वेव्ह रॉक वाजवायचो. ताई गाते आणि बेस वाजवते, मी कीबोर्डवर. ड्रमवर आमचा मित्र धडाम — तो साधा कपसुद्धा हळू ठेवत नाही. ठेका तुटक, गाणी चटपटीत, पण काहीतरी कमी पडायचं. मामा एकदा आमचं सैल झालेलं सॉकेट दुरुस्त करायला आला आणि ऐकत बसला.

"सगळे एकदम कशाला बोलता? जरा जागा सोडा की."

मग त्या जागेत त्याने दोनच सूर टाकले. दोन! गाणं ताठ उभं राहिलं. त्या दिवसापासून तो आमच्यात आहे.

रविवार, ९ मार्च

कार्यक्रम झाला! जुनं गोदाम, गच्च भरलेलं. मामाचा इस्त्रीचा शर्ट बघून पुढची पोरं खिदळली — "आजोबा, वाट चुकलात का?" दुसऱ्या गाण्याला खिदळणं थांबलं. तिसऱ्याला तीच पोरं उड्या मारत होती. माझा ऑर्गन टोचत होता, मामाची गिटार मधूनच कोरडं काहीतरी बोलून गप्प होत होती, आणि मला वाटलं, असा आवाज आजूबाजूला दुसऱ्या कुणाकडे नाही. कुणाकडेच!

नंतर एका मुलीने विचारलं, "काका, गिटारच्या या आवाजासाठी कुठलं पेडल वापरता?"

मामा म्हणाला, "सायकल तर मी कधीच विकली."

सोमवार, १० मार्च

बोटं सुजली, घसा बसला. छाती मात्र फुगलेलीच.

शनिवार, १५ मार्च

रेकॉर्ड कंपनीचा माणूस तालमीला आला. खोलीतही गॉगल लावून बसला, म्हणून त्याचं नाव गॉगल. "हाच आवाज हवाय मला!" तीनदा म्हणाला. मग ताईला आणि मला बाहेर बोलावलं.

"गिटार ठेवा. माणूस बदला. पोस्टरवर हा चेहरा कसा चालेल? माझ्याकडे एक मुलगा आहे, हीच गिटार वाजवेल."

एरवी भांडायला टपलेली ताई गप्पच झाली. मी म्हटलं, "मग ऑर्गन ठेवा आणि मलाही बदला." तो हसला. त्याला वाटलं, मी गंमत करतेय.

आत आलो तर मामा गिटार पुसत होता. त्याने सगळं ऐकलं होतं. "घेऊन जा गं पोरींनो. माझं काय, मी तुमच्यासाठी टाळ्या वाजवीन."

आयुष्यात पहिल्यांदा मामावर ओरडले.

मंगळवार, १८ मार्च

ताईचा तोंडाळपणा परत आला. गॉगलला फोन करून म्हणाली, "एकच गाणं. मामाही वाजवेल, तो मुलगाही. मग बोला."

आज स्टुडिओत गेलो. त्या मुलाला नावं ठेवता येणार नाहीत — हात भन्नाट, आणि गिटारला हात लावण्याआधी मामाची परवानगी घेतली. तीच गिटार, तोच ॲम्प. पण त्याने कुठे श्वास घ्यायलाच जागा ठेवली नाही. माझा ऑर्गन बिचारा दाराबाहेर उभा!

मग मामा. डोळे मिटले, ऐकलं, ऐकलं... आणि वाजवलं. एका दमात रेकॉर्ड झालं. काचेपलीकडे तो मुलगा उभा राहून ऐकत होता.

गॉगलने गॉगल काढला. म्हणाला, "रेकॉर्ड काढतोय. चौघांची."

शुक्रवार, २१ मार्च

आईने अख्ख्या इमारतीला सांगितलं. आधी "माझा भाऊ", मग "माझ्या मुली". हरकत नाही!

गुरुवार, २७ मार्च

मामाला गॉगलचा फोन. आमचं रेकॉर्डिंग एका मोठ्या गायिकेने ऐकलं. वर्षभराचा दौरा, देशोदेशी. तिला मामा हवाय. फक्त मामा.

"मी नाही म्हणून टाकलं," मामा म्हणाला. "माझा बँड आहे इथे."

माझा बँड! मी माळ्यावरची मोठी बॅग काढली आणि त्याचे शर्ट घड्या घालून भरायला बसले.