औषध नसलेल्या सुया

आई, माझा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. दोन-तीन महिन्यांपासून हे चालू आहे. आधी वाटलं, उशी उंच झाली असेल. मग एका सकाळी अंबाडा घालायला हात मागे नेला आणि तो कानापाशीच अडला, कुणीतरी कोपर धरून ठेवल्यासारखा. घरात मी कुणाला बोलले नाही. या वयात बगलेपाशी काही दुखलं की मन सरळ वाईटाकडेच धावतं, आणि माझ्या बरोबरीच्या दोघीजणी तशाच गेल्या आहेत. शेवटी सुनेनं ओळखलं आणि मला नागपूरच्या डॉक्टरांकडे नेलं. रक्त झालं, फोटो झाले, त्या बोगद्यासारख्या मशीनमध्ये पडून राहणं झालं. काल डॉक्टरांनी कागद बाजूला ठेवले आणि म्हणाले, ‘घाबरण्यासारखं काही नाही. खांदा गोठलाय. साखर असलेल्या बायकांना होतं असं.’ मला हसू आलं. त्यांना वाटलं असेल, बाईचा जीव भांड्यात पडला. तो पडला होताच. पण मी हसले ते वाटेत कुणी ओळखीचं भेटल्यासारखी. हा खांदा मला शाळेत होते तेव्हापासून माहीत आहे. तो तुझा आहे.

तू तेव्हा सौंसरला नगरपालिकेच्या शाळेत पहिलीला शिकवायचीस. तुझं लिहिणं फळ्याच्या माथ्यापासून सुरू व्हायचं. सगळ्यात वर वार आणि तारीख, टाचा उंचावून लिहिलेली, आणि मग खाली मोठी गोल अक्षरं. त्या वर्षी उन्हाळ्यानंतर ती अक्षरं हळूहळू खाली उतरू लागली. पोळ्याच्या सुमारास तर अर्धा फळा कोराच राहायचा. एक दिवस हेडमास्तर दारात येऊन उभे राहिले. पुढचं तूच घरी येऊन सांगितलंस, त्यांच्या घोगऱ्या आवाजासकट. ‘बहनजी, वरचा फळा सोडून खालीच कायले लिहून राहिल्या?’ तू म्हणालीस, ‘लेकरं बुटकी आहेत सर. वरचं त्याईले दिसत नाही.’ ‘मंग मागच्या साली काय ताडाएवढी होती का?’ आम्ही हसलो. तू हसली नाहीस. कारण नंतर त्यांनी सांगितलं होतं की संक्रांतीनंतर इन्स्पेक्टर येणार आहेत, तोपर्यंत हात बरा झाला तर ठीक, नाही तर तुम्ही ऑफिसात बसून रजिस्टरं सांभाळा, वर्ग दुसऱ्याला देऊ.

बाबा तहसील कचेरीत कारकून. त्यांना यात काही वाईट दिसलं नाही. ‘बरं आहे ना, बसून काम भेटते,’ ते म्हणाले, ‘नाही तं सोडूनच दे. माहा पगार आहे.’ तू कणीक मळत होतीस, एकाच हातानं, परात पायानं दाबून धरलेली. वर न बघता म्हणालीस, ‘तुमचा पगार आहे. माहा फळा आहे.’ तुझी आई लोधीखेड्याला दुसऱ्याच्या कपाशीत निंदायला जायची. आपल्या घरात खडू पहिल्यांदा तू हातात धरलास, हे आम्हाला तू कधी भाषण देऊन सांगितलं नाहीस, पण त्या कणकेच्या परातीपाशी मला ते कळलं.

माझ्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरनी मला पांढुर्ण्याचा पत्ता दिला. तिथे त्यांच्याच एक वयस्क सिस्टर होत्या, केरळच्या, मूळच्या नर्स. त्या चिनी पद्धतीच्या सुया लावायला शिकल्या होत्या. रविवारी सकाळची प्रार्थना झाली की त्या दवाखाना उघडायच्या. आपण रविवारीच जायचो, कारण इतर दिवशी तुला शाळा. त्या वर्षांत रविवारी सकाळी रस्ते ओस असायचे, सगळं गाव कुणा ना कुणाच्या टीव्हीसमोर बसलेलं, आणि एसटी आपल्या दोघींसाठी निघाल्यासारखी रिकामी जायची. पहिल्याच वेळी तू हात पदराच्या झोळीत घालून बसलेली पाहून कंडक्टर म्हणाला, ‘गोटमारीत गेल्या होत्या का बाई?’ पांढुर्ण्याला पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या दोन काठांवरून गोटे मारायचा खेळ असतो, आणि पोळा नुकताच होऊन गेला होता. तू म्हणालीस, ‘गेली होती ना. पल्याडच्याईनं ओळखलं नाही मले.’

दवाखान्याच्या ओसरीत बाक होता. त्यावर अर्धं डोकं दुखणारी एक बाई, गुडघे धरून बसलेला रेल्वेतला एक खलाशी आणि तंबाखू सुटावी म्हणून बायकोनं ओढत आणलेला एक माणूस. आत प्रेशर कुकरच्या शिट्ट्या होत होत्या. तू माझ्या कानात म्हणालीस, ‘याईची दाळ शिजून राहिली वाटते. मंग आपला नंबर केव्हा?’ कुकरचं झाकण उघडलं तेव्हा आतून सुया निघाल्या, स्टीलच्या डब्यात, वाफाळलेल्या. केसासारख्या बारीक. तू त्या नीट पाहिल्यास आणि मला म्हणालीस, ‘याच्यात औषध कुठं भरतात? विचार तिले.’ मी इंग्रजीत विचारलं. पण सिस्टर तुझ्याकडेच बघून त्यांच्या हिंदीत म्हणाल्या, ‘दवाई नई है अम्मा. सिर्फ सुई है.’

तुझा चेहरा मला आजही दिसतो. आपल्याकडे ताप आला तरी सुई, पोट दुखलं तरी सुई. ज्या डॉक्टरनं सुई दिली नाही त्याला काही येत नाही, हे तर लहान पोरंही सांगत. ‘मंग मी इतक्या दूर कोरडी सुई टोचाले आली का?’ तू उठूच लागली होतीस. पुढच्या रविवारी तू कमाल केलीस. झोपायच्या बाकावर बसलीस आणि पदराच्या गाठीतून लाल औषधाची काचेची कुपी काढलीस, मेडिकलवाल्याकडून आणलेली ताकदीची सुई. ‘तिले म्हण, टोचाच्या पहिले याच्यात बुचकळून घे. तिचंही काम होते, माहंही होते.’ सिस्टर इतक्या हसल्या की त्यांना चष्मा काढून पुसावा लागला. कुपी त्यांनी तुझ्या हातात परत दिली आणि सांगितलं, ताकद लागली की डॉक्टरला विचारून घे.

माझं काम मध्ये उभं राहून सांगायचं. ते मी कॉन्व्हेंटच्या पोरीसारखंच करायचे, सगळं स्वच्छ धुऊन. एकदा सिस्टरनी पानांची एक जाड कांडी पेटवली, तिचा निखारा तुझ्या खांद्याजवळ शेक द्यायला धरला. कडवट धूर झाला. तू डोळे मिटून म्हणालीस, ‘पाह्य वं, बिडी पेटवून राहिली. आता मले एक झुरका देते का विचार.’ मी सिस्टरना सांगितलं, आईला बरं वाटतंय. सिस्टरनी नुसती मान हलवली. तू एक डोळा उघडलास. ‘ते हासली नाही,’ तू म्हणालीस. ‘म्हणजे तू सांगितलंच नाही. हे पाह्य, दुखणं माहं आहे. मी जे बोलली ते सांग. तुह्या मनचं नको सांगू.’ मी कानापर्यंत लाल झाले. बिडीचं सांगावंच लागलं. सिस्टर हसल्या, तूही हसलीस, आणि मला वाटतं त्या दिवसापासून तुमचं दोघींचं जमलं. नंतर नंतर तुम्हाला माझी गरजही उरली नाही. तू वऱ्हाडीत बोलायचीस, त्या त्यांच्या हिंदीत, आणि दोघी हातांनी उरलेलं सांगायच्या.

पण पायातल्या सुईचं मात्र मीच समजावलं. एक सुई खांद्यात, एक हाताच्या अंगठ्याच्या बेचक्यात, ते तुला पटलं. नडगीच्या बाजूला सुई लागली तशी तू म्हणालीस, ‘दुखते खांदा अन् टोचते पायाले. हे कायचं?’ सिस्टर म्हणाल्या, शरीरात शक्तीच्या वाटा असतात, वाट कुठे अडली की दुखतं. मी विचार केला आणि तुला म्हटलं, ‘पाट असतात, आई. संत्र्याच्या बागेत असतात तसे.’ तू नडगीवरच्या सुईकडे पाहिलंस. मग म्हणालीस, ‘म्हणजे पाणी अडलं खांद्यात, अन् ते सोडाचं दारं आहे पायात.’ हो म्हटलं. ‘असं सांग ना मंग,’ म्हणालीस आणि पाय सैल सोडलास. सिस्टरनी विचारलं, काय वाटतंय. ‘जड वाटून राहिलं. भरल्या घागरीवानी.’ ते बरोबर आहे, त्या म्हणाल्या, तसंच वाटायला पाहिजे.

सुयांपेक्षा सिस्टरचा जोर भिंतीवर असायचा. रोज भिंतीसमोर उभं राहायचं आणि बोटं चालवत हात वर न्यायचा, जिथे दुखेल तिथे थांबायचं. तू ते स्वयंपाकघरात करायचीस, भाकरी झाल्यावर, पिठाच्या हातांनी. चुलीमागच्या काळ्या भिंतीवर तुझ्या बोटांचे पांढरे ठसे उमटायचे. महिनाभरात ते डब्यांच्या फळीपर्यंत आले. मग तिथेच अडले. फळीच्या वर एकही ठसा जात नव्हता. तू तिथवर यायचीस, श्वास रोखायचीस आणि हात खाली घ्यायचीस. सिस्टरनी मला बाजूला घेऊन सांगितलं, खांदा पुष्कळ मोकळा झालाय, आता आई भितेय. मी ते तुला सांगितलं नाही, कारण भितेस असं तुला म्हटलेलं तू ऐकून घेतलं नसतंस.

शेजारच्या काकूंनी मध्येच एक पिल्लू सोडलं होतं. ‘सिस्टरच्या सुया घेऊन राहिल्या म्हणे. एक दिवस गळ्यात क्रॉस दिसन बरं तुमच्या.’ तू तांदूळ निवडत होतीस. ‘आमच्या बापानं धर्म एकदाच बदलला,’ तू म्हणालीस, ‘तेवढ्यात सात पिढ्यांचं काम झालं. आता दर रविवारी कोन बदलते वं बाई.’ काकूही हसल्या. पुढच्या महिन्यात त्याच स्वतःची कंबर घेऊन आपल्याबरोबर पांढुर्ण्याला आल्या.

काल डॉक्टरांना मी हे सगळं थोडक्यात सांगितलं. ते चांगले आहेत, चेष्टा केली नाही. म्हणाले, सुयांनी काहींचं दुखणं कमी होतं, घ्यायच्या तर जाणत्या माणसाकडूनच घ्या. पण हा खांदा तसाही वर्षा-दोन वर्षांत आपोआप सुटतो बऱ्याच जणांचा, व्यायाम मात्र सोडू नका. मग मला वाटलं, तुझं काय होतं? सुया, भिंत, की नुसता काळ? तुला विचारलं असतं तर तू म्हणाली असतीस, सिस्टर. शेवटपर्यंत तू हेच सांगायचीस, ज्याचं त्याचं मनगट धरून. मला आता त्याचा निवाडा करायचा नाही. मला एवढंच कळलं की हा खांदा सुटतो. काल रात्री मी कितीतरी दिवसांनी सलग झोपले.

आणि आता ते, जे मी तुला कधी सांगितलं नाही. ती संत्र्याची तोड चालू असतानाची गोष्ट. पांढुर्ण्याहून परतीच्या संध्याकाळच्या एसटीत पाय ठेवायला जागा नव्हती, तोडीच्या बायका, टोपल्या, लेकरं. आपण दोघी उभ्या. एका बाईजवळ टोपलीही आणि पोरगंही, म्हणून तिचं पोरगं तू डाव्या कडेवर घेतलंस. कंडक्टर आला. ‘पोट्टं पाच वर्षांचं दिसते. हाफ लागन.’ ती बाई घाबरून तुझ्याकडे बघू लागली. तू म्हणालीस, ‘पाच वर्षांचं पोट्टं मी काखेत घेईन का बापा? पहिलीची मास्तरीण आहे मी. सहा सालची लेकरं रोज मोजते.’ ‘बाई, तुम्ही मास्तरीण शाळेत. इथं मी.’ ‘मंग पाह्य त्याचे दात. दुधाचे सारे आहेत का नाही?’ लोक हसत होते, आणि तेवढ्यात गाडीनं जोरात हिसका खाल्ला. तू वरचा दांडा धरलास. उजव्या हातानं.

तुला कळलंच नाही. तू पोराला तोंड उघडायला लावत होतीस. तुझं कोपर कानाच्या वर होतं आणि तुझ्या बांगड्या मनगटावरून घसरत पार कोपराकडे जाऊन बसल्या होत्या. उन्हाळ्यापासून मी त्यांना तशा घसरताना पाहिलं नव्हतं. मी तोंड उघडलं आणि मिटलं. बोलले असते तर तू वर बघितलं असतंस, श्वास रोखला असतास आणि हात खाली घेतला असतास. पुढे वाटेत मोहगावला जागा झाली, तू पोरगं आईला दिलंस आणि खिडकीपाशी बसून हात पुन्हा पदरात घातलास, सवयीनं. सौंसर येईपर्यंत मी तुझ्याकडे बघतसुद्धा नव्हते, रडू येईल म्हणून.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, शाळेतून आलीस ती चपला न काढता स्वयंपाकघरात. केसांत खडूची भुकटी. ‘गेला वं हात. माथ्यापर्यंत गेला.’ मग ती गोष्ट आम्ही सगळ्यांनी जन्मभर ऐकली. तू खडू घेतलास, लेकरांकडे पाठ केलीस, काय वाटलं कोण जाणे, टाचा उंचावल्यास आणि सरळ वर जाऊन तारीख लिहिलीस. हेडमास्तर खिडकीतून बघत होते. म्हणाले, ‘बहनजी, लेकरं वाढली वाटते.’ संक्रांतीनंतर इन्स्पेक्टर आले तेव्हा वर्ग तुझाच होता, आणि निवृत्त होईपर्यंत तुझाच राहिला. दर वेळी तू ती सोमवारची गोष्ट सांगायचीस, आणि दर वेळी मी तोंडावर हात ठेवून नवल करायचे.

हे पत्र मी कुणाला वाचून दाखवणार नाही. तू असतीस तरी दिलं नसतं. सोमवार तुझाच राहू दे. मी रविवारीच पाहिलं होतं, आई, मोहगावच्या अलीकडे.