तीन जनावरांचा अर्ज

आत्या, तुम्हाला वाचता येत नव्हतं हे ठाऊक असून लिहायला बसले आहे. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून सासूला आत्या म्हणायची सवय, ती तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली तरी मोडली नाही. दुपारची आवराआवर झाली आहे, हे लेकीकडं पुनावळ्याला गेलेत, आणि मी हिशेबाच्या वहीतलीच मागची कोरी पानं फाडून घेतली आहेत. नवा कागद वापरायला जीव झाला नाही. तुम्ही हसला असतात.

ओढ्याचं पाणी पहिल्यांदा फेसाळलं तेव्हा मी या गावात नवीच होते. वरच्या अंगाला लोखंडी भागांना चकाकी चढवणारी कंपनी आली, आणि त्या उन्हाळ्यात आपली म्हैस गेली, खालच्या आळीतल्या दोन शेळ्या गेल्या. तुम्ही चुलीपुढं बसलेल्या, मी भाकरी थापते आहे, आणि तुम्ही म्हणता, "दिघीवरनं धावी पास सून आनली ती काय निस्त्या भाकरी बडवायला व्हय? ऊठ, हात धू. अर्ज लिव." मी लिहिला. ग्रामपंचायतीतून मागून आणलेलं शाईचं पॅड लगेच परत द्यायचं होतं, म्हणून तुम्ही अंगठा आधी उठवलात आणि मग म्हणालात, "आता वाच." मी वाचत गेले. 'पन्नास जनावरे दगावली' इथं आले आणि तुम्ही हात वर केलात.

"कुनाची पन्नास?"

"आत्या, थोडं वाढवून लिहिलं की साहेब लवकर बघतात."

"तीन मेली. तीन लिव. माझा अंगठा हाय त्याच्यावर, म्हंजी मी बोलले. मी कवा बोलले पन्नास?"

मी कागद फाडायला घेतला तर तुम्ही मनगट धरलंत. "फाडू नगं. ठिव तुझ्यापाशी. पुन्यांदा वाढवून लिवावं वाटलं की काढून बघ." कानशिलं तापली होती माझी. दुसरा अर्ज लिहिला, तीन जनावरांचा, आणि तुम्ही मला पॅड मागायला पुन्हा पिटाळलंत. तो पहिला कागद मी माझ्या पोथीत ठेवला. तो अजून तिथंच आहे.

मग ते वर्षानुवर्षं चाललं. तुम्ही सांगायच्या, मी लिहायची, वाचून दाखवायची, आणि मगच अंगठा. तालुक्याच्या कचेरीत तुम्ही टेबलासमोर उभ्या राहायच्या ते हलायच्या नाहीत. "दुसऱ्या कागदावर शिक्का मार बाबा. पोच घेतल्याबिगर मी न्हाई जायची. येष्टी गेली तरी चालंल." एकदा तो कारकून वैतागून म्हणाला, "आजी, शिक्क्यानं पाणी साफ होतं का?" तुम्ही म्हणालात, "न्हाई हुत. पर उद्या तू म्हनशील म्हातारी आलीच नव्हती, तवा दावाया हुतंय." सगळी कचेरी हसली, कारकूनही हसला, आणि शिक्का मारला. त्या साली कांदा बरा गेला तेव्हा चाकणच्या बाजारातून तुम्ही माझ्यासाठी काय आणलंत? लुगडं नाही, बांगड्या नाहीत. हिरवी, नाडीची, जाड पुठ्ठ्याची फाईल. "ही तुजी," म्हणालात. माहेरहून आलेल्या भांड्यांपेक्षा मी ती जास्त जपली. शिक्क्याचे सगळे कागद तीत, वर्षवार लावलेले.

आता पुढचं सांगते. तुम्ही गेल्यावर आमदार बदलले. नव्या साहेबांनी कामं केली, खोटं का बोलू. रस्ता झाला, दिवे आले, शाळेला दोन खोल्या मिळाल्या. पण निवडणुकीत त्यांच्या गाड्या कुठून निघायच्या ते अख्ख्या मतदारसंघाला ठाऊक. त्या चकाकीवाल्या कंपनीच्या फाटकातून. डिझेल शेठचं, सभेला बायका न्यायला बस शेठची, हळदीकुंकवाला वाटलेले डबेसुद्धा शेठचे. डबा मीही घेतला. स्टीलचा आहे, तीनताळी. वापरते.

आणि आपलं देऊळ. तुम्हाला माहीत आहे, पत्र्याच्या शेडखाली चैत्रात भजनाला बसलं की बायकांना भोवळ यायची. देवळाची वही माझ्याकडं. घरटी दहा-वीस रुपये जमवत होते मी सभामंडपासाठी, आणि दर वर्षी सिमेंट माझ्या पुढं पळत होतं. मागच्या निवडणुकीच्या आधी साहेबांचा माणूस घरी आला. चहा घेतला. म्हणाला, "वहिनी, आईंच्या कागदांचा साहेबांना फार आदर आहे. कार्य अहवालात घालायचेत. फाईल द्या, आठ दिवसांत परत आणतो." आणि बशी खाली ठेवता ठेवता, "मंडपाचं शेठशी बोलणं झालंय बरं का. सोमवारी खडी पडेल."

मला कळलं नाही असं लिहिलं असतं तर बरं झालं असतं. पण कळलं होतं. दोन्ही वाक्यं एका दमात आली होती. मी आत गेले, फळीवरून फाईल काढली, पदरानं पुसली, त्याच्या हातात दिली. वाण्याकडून पावशेर तीळ आणले तरी चिठ्ठी मागणारी मी, त्याच्याकडं पोहोच मागितली नाही. देवाचं काम होतंय, एवढंच मनाला सांगत राहिले. सोमवारी खडी पडली.

मंडप छान झाला आहे आत्या. संगमरवरी फरशी, पायाला गार लागते. खांबावर शेठचं नाव, त्याखाली साहेबांचं. मग अहवाल आला, गुळगुळीत कागदाचा, घरोघर टाकलेला. त्यात लिहिलं होतं, 'ओढ्याबाबत मतदारसंघात एकही तक्रार शिल्लक नाही.' तुमचा एकही कागद त्यात नव्हता. त्याच पानावर खाली माझा फोटो होता, मंडपाच्या उद्घाटनाला आरतीचं ताट घेतलेला. फाईल आली नाही. मी मागायला गेलेही नाही.

आपल्या मागच्या खोल्यांत आता लातूरकडची एक भाडेकरीण आहे. नवरा-बायको दोघं कुरुळीच्या कंपनीत जातात. तिच्या पोरीच्या पायांवर चट्टे आलेत, रात्रंदिवस खाजवते. बोअरचं पाणी आहे ते, आपल्याच बोअरचं. आमच्या घरात जार येतो, खोल्यांना बोअर. हेही तुम्हाला सांगायचं होतं. त्या बाईनं शिफ्ट बुडवून तक्रार केली, आणि काल प्रदूषण बघणारे साहेब गावात आले. ग्रामपंचायतीत सगळे बसलो. साहेब म्हणाले, "कंपनीचं म्हणणं आहे, याआधी कुणाचीच तक्रार नव्हती. तुम्ही यंदा राहायला आलात आणि यंदाच पाणी बिघडलं का?"

ती माझ्याकडं वळली. "काकू, तुमच्या सासूनं लई अर्ज केलते म्हणतेत सगळे. सांगा की ओ. एखादा कागद असंल."

सगळे माझ्याकडं बघत होते. आमदारसाहेबांचा तो फाईल नेलेला माणूस दारात उभा होता, मोबाईलमध्ये डोकं घालून.

मी म्हणाले, "होते. वाळवीनं खाल्ले."

"सगळे?"

"सगळे."

पोरीचा परकर ओढून तिनं पाय झाकले. प्रदूषणवाल्या साहेबांनी लिहून घेतलं, पूर्वीच्या तक्रारीचा पुरावा नाही. उठताना एवढं म्हणाले की कुणाला लेखी द्यायचं असेल तर पंधरा दिवस आहेत. संध्याकाळी मी भजनाला गेले, त्या गार फरशीवर बसले, आणि मला टाळ धरवेना. सकाळी तीच बाई भाडं द्यायला आली. एक तारीख म्हणजे एक तारीख. "काकू, मोजून घ्या," म्हणाली. मान वर न करता घेतलं.

तुम्हाला वाचता येत नव्हतं म्हणून मी वाचलेलं तुम्ही खरं धरत होता. त्या फायलीतला शब्दन् शब्द खरा होता, तो तुमच्यामुळं. आता तुमच्या अंगठ्याचा एकच कागद माझ्याकडं उरलाय, पोथीतला. त्यावर शिक्का नाही आणि त्यात पन्नास जनावरं आहेत. म्हणजे तुमच्या नावावर उरलं काय, तर माझं खोटं.

आज जेवण झाल्यावर मी निवेदन लिहिलं. सगळे अर्ज माझ्या अक्षरात होते, सासूच्या अंगठ्याचे होते, कचेरीचे शिक्के होते, असं लिहिलं. पोथीतला कागद सोबत जोडते आहे, हा अर्ज दिलेला नाही, कारण यात मी आकडा वाढवला होता आणि माझ्या सासूला तो चालला नाही, असंही लिहिलं. फाईल कुणाला दिली ते लिहिलं. खाली सही केली.

मग सवयीप्रमाणं ते तुमच्या फोटोपुढं उभं राहून मोठ्यानं वाचलं. घरात कुणी नव्हतं. वाचून झाल्यावर कागदाची घडी घालताना लक्षात आलं, मधली एक ओळ मी वाचलीच नव्हती. डोळे तिच्यावरून पुढं सरकले होते. 'फाईलला वाळवी लागली नव्हती, मी ती माझ्या हाताने दिली' ही ओळ.

कागद अजून फोटोखालीच आहे. पुन्हा वाचायला उभी राहिलेली नाही.